गरम झालं की बंद पडणारं मशीन

माझ्या दुकानात येणारा माणूस आधी मशीनला शिव्या द्यायचा, मग मशीन बनवणाऱ्याला, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर मला. जुन्या मोंढ्याच्या मागच्या गल्लीत मी उभी हयात लहान इंजिनं दुरुस्त करण्यात घालवली. फवारणीचे पंप, पाणी उपसायची इंजिनं, लग्नाच्या मांडवातले जनरेटर, झाडं कापायची मशीनं. ट्रक दुरुस्त करणारे आमच्याकडं जरा वरूनच बघतात. बघोत बापडे. रस्त्यात ट्रक बंद पडला तर धक्का मारायला गाव जमतं. फवारणीचा पंप बंद पडला तर मालक त्याला लाथ घालतो आणि लाथ घातलेला पंप माझ्यासमोर आणून ठेवत म्हणतो, "काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला."

नमुने काही कमी नव्हते. फर्दापूरला लेणी बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी एकाचं लॉज होतं. त्याच्या जनरेटरला काही झालेलं नव्हतं. तो एवढंच विचारायला आला होता, की धुराचं नळकांडं डावीकडं वळवता येईल का. डावीकडं त्याच्या चुलतभावाचं लॉज होतं. मी नळकांडं आभाळाकडं वळवून दिलं, तेव्हापासून दोन्ही भाऊ मला नावं ठेवतात. निदान एका गोष्टीवर तरी त्यांचं एकमत झालं.

असले किस्से पुष्कळ आहेत आणि दिवाळी अंकात लोकांना तेच आवडतात, हेही मला कळतं. पण ह्या वर्षी लिहायला बसलो आणि हात दुसरीकडंच गेला. सणासुदीला रडगाणं गाऊ नये म्हणतात. गातो. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

कोंडिबा पाचोडजवळच्या एका वाडीचा. घरची मेंढरं होती, ती गेली, मग मिळेल ते काम. जब्बारभाई खुलताबादचे. पैठणजवळ धरणाचं काम चाललं होतं तेव्हा पाण्याखाली जाणारं रान आधी मोकळं करून घेत होते. त्या झाडं तोडणाऱ्या टोळीत हे दोघं एका करवतीला लागले. तेव्हा मोठ्या खोडाला दोघांनी ओढायची लांब करवत असायची, एक मूठ ह्याच्या हातात, एक त्याच्या. जोडी एकदा जमली की सहसा बदलत नसत. ठेकेदारानं पुढं कुठून तरी एक परदेशी चेनसॉ, म्हणजे इंजिनावर चालणारी साखळीची करवत, आणला. लाल रंगाचा, एका माणसाला उचलताना कंबर धरायला लावील असा. तो थोडे दिवस चालला आणि बसला. काम संपल्यावर ठेकेदार तो तिथंच टाकून गेला. ह्या दोघांनी तो पोत्यात घालून माझ्या उस्तादांकडं आणला. मी तेव्हा हाताखाली तयार झालो होतो. उस्तादांनी तो चालू केला आणि पुढं कितीतरी वर्षं खुलताबादपासून पाचोडपर्यंत वादळात पडलेलं, वाळलेलं, विहिरीवर झुकलेलं झाड असलं की लोक ह्या दोघांना बोलवायचे.

दोघांचं सदा वाजलेलं असायचं. झाडाला हात लावायच्या आधी कोंडिबा बुंध्यापाशी हळद वाहून पुटपुटायचा. जब्बारभाई घड्याळ बघत म्हणायचे, "इसका देव बहुत टाइम लेता." मग ते स्वतः बिस्मिल्ला म्हणून दोरी ओढायचे आणि मशीन पहिल्या दोरीला चालू झालं नाही, की कोंडिबा म्हणायचा, "म्हना अजून एकदा." मशीन माझ्याकडं आलं की कुणाच्या हातून बिघडलं ह्यावर वाद घालत दोघं माझा चहा संपवायचे.

मग हलकी नवी मशीनं आली. ह्यांची वयं झाली. लाल मशीन जब्बारभाईंच्या शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन पडलं आणि मी ते विसरून गेलो.

बऱ्याच वर्षांनी एका सकाळी दोघं रिक्षातून उतरले. पोतं कोंडिबाच्या खांद्यावर. जब्बारभाईंच्या गळ्याला मफलर, भर उन्हाळ्यात. मी ओळखलंच नाही आधी. घशात रोग निघाला होता. आवाज जवळजवळ गेला होता, म्हणून त्यांच्या वाटचंही कोंडिबाच बोलत होता, आणि जब्बारभाई मधून मधून हातानं "असं नाही" म्हणून सांगत होते. वाद तेवढा शाबूत होता.

पोत्यातून निघालं ते मशीन नव्हतं, मशीनचं मयत होतं. शेळ्यांच्या लेंड्या, गंज, आत उंदराचं घर. मी सरळ सांगितलं, की ह्याचा एक स्क्रू बाजारात मिळणार नाही. नवं घ्या, नाहीतर कुणाचं तरी भाड्यानं आणा.

कोंडिबानं जब्बारभाईंकडं बघितलं. त्यांनी मान हलवली, सांग म्हणून.

"आमच्यात ठरल्यालं हाय, मिस्त्री," कोंडिबा म्हणाला. "जो आदी जाईल त्याचं लाकूड दुसऱ्यानं तोडायचं. वखारीतलं आनायचं नाय. ह्याच मशीननं तोडायचं."

टोळीतली जुनी रीत होती ती. जन्मभर दुसऱ्यांची झाडं तोडणाऱ्याला शेवटचं लाकूड विकतचं लागू नये, ते जोडीदारानं आपल्या हातानं तोडून द्यावं. कोंडिबासाठी सरणाचं. जब्बारभाईंसाठी फळ्या, कारण त्यांच्यात कबरीत मयतावर आडव्या फळ्या टाकतात आणि वरून माती लोटतात. जब्बारभाईंनी घरामागं वादळात पडलेल्या कडुलिंबाचं खोड त्यासाठी राखून ठेवलं होतं. घरातल्या सगळ्यांना ते माहीत होतं. सुना त्या खोडावर वाकळा वाळत घालायच्या.

जब्बारभाई पुढं वाकले, मशीनकडं बोट केलं आणि आवाजाविना नुसत्या श्वासानं म्हणाले, "मेरा नंबर पहले लगा, मिस्त्री. इसकू बोलो, जल्दी करो."

मी पोतं आत घेतलं. दुसरं काय करणार?

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगतो. असल्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात. तेल-पेट्रोलचं मिश्रण आत यायला हवं, ते नीट दाबलं जायला हवं, आणि दाबलं की वेळेवर ठिणगी पडायला हवी. ह्या तिन्हींतलं काहीच शिल्लक नव्हतं. दाब धरणारी रिंग तुटली होती. तशी रिंग आता कुठून येणार? शहागंजचे भंगारवाले पालथे घातले आणि एका मोपेडची रिंग मापाच्या जवळ आली. तिची टोकं कानस मारून बसती केली. पिस्टनवर एक बारीक खुंटी असते, तिच्यासाठी रिंगेला खाच लागते, ती मोपेडच्या रिंगेला भलत्या जागी होती. नवी खाच करताना दोन रिंगा मोडल्या, तिसरी टिकली. कार्बोरेटरमध्ये चामड्यासारखा एक पातळ पडदा असतो, तो जणू इंजिनाचा श्वास. आधी दवाखान्यातला हातमोजा कापून लावला. पेट्रोल लागताच तो पापडासारखा फुगला. मग एका जुन्या जीपच्या पेट्रोल पंपातला कापडी पडदा सापडला, त्याचा पदर सोडवून लावला, आणि इंजिन श्वास घ्यायला लागलं.

राहिली ठिणगी. ती पाडते कॉइल, म्हणजे केसाएवढ्या तारेचं गुंडाळं. तिची तार आतून जळालेली. आमच्या ओळखीत एक कॉइल भरणारे खानसाहेब होते, त्यांनी ती पुन्हा भरून दिली. पण मूळ कॉइलवर कारखान्यात जसा लेप चढवतात तसा हातानं चढत नाही. खानसाहेब म्हणाले, चालेल, भरवसा मात्र धरू नका.

मशीन चालू झालं त्या दिवशी गल्लीतली माणसं गोळा झाली. तसला जाड, घोगरा आवाज आता ऐकायला मिळत नाही. कोंडिबा नेमका आलेला होता. त्यानं मशीन उचलून हातात धरलं आणि त्याचा चेहरा उजळला. चहा येईपर्यंत मशीन चाललं आणि गप्प झालं. कॉइल गरम झाली की आतली तार कुठं तरी सुटायची आणि ठिणगी मरायची. गार झाली की पुन्हा शहाण्यासारखी चालायची. खानसाहेबांनी परत भरली, तरी तेच. मूळ जातीची कॉइलच हवी होती.

ती शोधण्यात पुढचे महिने गेले. मुंबईच्या नागदेवीत, सुट्या भागांच्या बाजारात, ओळखीच्यानं सगळी दुकानं धुंडाळली, नाही. भंगारातली दुसऱ्या जातीची कॉइल बसवून बघितली, इंजिनाच्या फिरत्या चाकाशी जुळेना. शेवटी कुणीतरी सांगितलं, की कर्नाटकात कॉफीच्या मळ्यांमध्ये अशी जुनी मशीनं पडलेली असतात. फोनावर फोन करून तिकडचा एक मेकॅनिक मिळाला. त्याला मराठी येत नव्हतं, मला कन्नड. मोडक्या हिंदीत आमची सोयरीक जुळली. म्हणाला, एक मशीन आहे, पण मळ्याचा मालक गावाला गेलाय, तो आला की काढून पाठवतो. मी दर आठवड्याला फोन करायचो. मालक काही येईना. मधल्या काळात जब्बारभाईंचं जेवण पातळ झालं, मग पाण्यावर आलं. कोंडिबा पाचोडहून एसटीनं यायचा, दुकानात पाय ठेवताच माझ्या तोंडाकडं बघायचा, आणि मी काही बोलायच्या आत समजून खुलताबादची गाडी पकडायचा. गिऱ्हाईकाच्या नजरेला मी कधी घाबरलो नाही. त्याच्या नजरेला घाबरायला लागलो होतो.

जब्बारभाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलानं, सलीमनं, सकाळी केला. मशीन होतं तसं गाडीत घालून मी खुलताबादला पोचलो. कोंडिबा माझ्यानंतर थोड्या वेळानं आला. आत जाऊन तोंड बघून आला आणि सरळ घरामागं खोडापाशी गेला. मी त्याला सांगितलं, की हे मधेच दगा देणार. तो म्हणाला, "द्येऊ द्या. जेवढं करंल तेवढं करंल." खोडाशी हळद वाहिली. मग जरा थांबला, इकडं तिकडं बघितलं आणि हळू आवाजात जब्बारभाईंचं बिस्मिल्लाही म्हणाला.

आधी खोडाचे आखूड तुकडे करून घेतले आणि एकेक तुकडा उभा चिरायला सुरुवात केली. मशीननं सुरुवात झोकात केली. पहिल्या फळ्या निघाल्या तेव्हा कडुलिंबाचा कडवट वास अंगणभर झाला. मग आवाज चरचरला आणि मशीन थांबलं. ओली फडकी गुंडाळून गार केलं, चालू झालं, थांबलं. प्रत्येक वेळी चालायचं कमी आणि थांबायचं जास्त. शेवटी दोरी ओढून ओढून माझा खांदा भरून आला, पण ठिणगी पडेना.

दुपारच्या नमाजनंतर मयत उचलायचं ठरलं होतं, ते तिसऱ्या प्रहरावर ढकललं. घरातली मोठी माणसं कुरकुरायला लागली, आणि त्यांचं चुकत नव्हतं, मयत ताटकळत ठेवू नये. सलीम दोनदा येऊन म्हणाला, "चाचा, वखार से लाता मैं. अब्बा बुरा नहीं मानेंगे." कोंडिबानं ऐकलं न ऐकलं केलं. तो गोठ्यात गेला आणि दोघांनी ओढायची ती जुनी करवत घेऊन आला. एक मूठ स्वतः धरली आणि दुसऱ्या मुठीकडं बघत उभा राहिला. तिथं धरायला कुणी नव्हतं. ते मला बघवेना. मी जाऊन मूठ धरली.

करवत ओढणं सोपं वाटतं, पण ते नाही. मी जोर लावून ओढायचो आणि त्याची पाळी आली की मदत म्हणून ढकलायचो. पातं वाकायचं आणि फटीत अडकून बसायचं.

"ढकलू नका, मिस्त्री," कोंडिबा म्हणाला. "आपल्या पाळीला वढायचं. त्याच्या पाळीला हात सैल सोडायचा. जब्बार कधी ढकलत नव्हता."

मग जमलं. हळूहळू जमलं. घाम त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून लाकडावर पडत होता आणि तो तोंड पुसत होता तेव्हा नुसता घाम पुसत नव्हता. एकेक फळी निघाली की सलीम ती उचलून न्यायचा. अजान झाली तेव्हा एक फळी कमी होती. अर्धी चिरली होती. कोंडिबानं करवत सोडली नाही, तेव्हा सलीमनंच येऊन त्याचा हात मुठीवरून सोडवला. उरलेली एक फळी वखारीतून आली. रंधा मारलेली, सरळ, गुळगुळीत. आमच्या ओबडधोबड फळ्यांमध्ये ती लांबूनही ओळखू येत होती. कोंडिबा कबरस्तानात आला, माती लोटली, आणि परतताना सगळ्या रस्त्यात माझ्याशी एवढंच बोलला, "एक कमी पडली."

कॉइल त्यानंतर आली. मळ्याचा मालक परत आला होता. त्या कानडी मेकॅनिकनं पार्सलमध्ये कॉइलभोवती कॉफीच्या बिया भरून पाठवल्या होत्या, कॉइलला धक्का लागू नये आणि आमची कॉफीही व्हावी म्हणून. भला माणूस. पार्सल उघडताना मला त्याचा राग आला, आणि त्या रागाचीही लाज वाटली. त्यानं काय केलं होतं? मी कॉइल बसवली आणि मशीन चालू करून टेबलावर ठेवलं. दुकानभर धूर झाला तरी ते चालत राहिलं.

कोंडिबाला निरोप धाडला. आला, मशीन चालताना ऐकत बसला. मी म्हणालो, घेऊन जा, तुमचं आहे. तो नको म्हणाला. पोरं एकतर विकतील, नाहीतर पावसात टाकतील.

"तुमच्याकडंच राहू द्या," तो म्हणाला. "आता माझं लाकूड कोन तोडनार? तुमाला दुसरी मूठ धराया येतीया आता. तुमीच तोडा."

मी हो म्हणालो आणि बजावलं, की घरी तेवढं सांगून ठेवा, म्हणजे वेळेला मला बोलावतील. "सांगतो की," तो म्हणाला. जब्बारभाईंनी आपल्या खोडावर सुनांना वाकळा वाळत घालू दिल्या, त्यांच्याकडं मरणाची गोष्ट चहासारखी होती. कोंडिबाच्या घरची चाल वेगळी. चालत्या घरात आपल्या मरणाची भाषा काढायची नाही, अभद्र असतं. हे मला माहीत होतं, पण तो सांगतो म्हणाला आणि मी विश्वास ठेवला.

मशीन मी दुकानात नजरेसमोर ठेवलं. दर अमावस्येला, दुकानातल्या हत्यारांना नारळ फोडायच्या दिवशी, ते चालू करायचो. जुनं मिश्रण काढून ताजं भरायचो, साखळीला धार लावायचो. दुकान सोडलं तेव्हा ते घरी आणलं. बायको म्हणायची, लोक म्हातारपणी तुळस ठेवतात अंगणात, तुम्ही हे ठेवलंय. कोंडिबा अधूनमधून शहरात आला की यायचा, मशीनवर हात फिरवायचा आणि दोघं चहा प्यायचो. भांडायला तिसरा नव्हता, त्यामुळं लवकर उठायचा.

मधे त्याचं येणं थांबलं. गुडघे धरले असतील म्हटलं. मग पाचोडच्या बाजाराला जाणारा एक जुनं गिऱ्हाईक रस्त्यात भेटलं आणि बोलता बोलता म्हणालं, कोंडिबा गेला की. कधी? तर त्याचं तेरावं तोंडावर आलं होतं.

तेराव्याला मी रिक्षा करून गेलो. मशीनही बरोबर घेतलं. त्यांच्या घरातली वस्तू आहे, त्यांच्या हवाली करावी, असं मी बायकोला सांगितलं. खरं कारण मलाही धड माहीत नव्हतं.

थोरल्या मुलानं मला लांबूनच ओळखलं. हाताला धरून मांडवात नेलं, वडिलांचे जुने स्नेही म्हणून सगळ्यांना ओळख करून दिली. पोरगा चांगला आहे. झोपेतच गेले म्हणून सांगत होता. मी त्याला लाकडाचं विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून निघून गेलं.

तो डोळे पुसून ताठ झाला. बापासाठी केलेल्या ज्या गोष्टीचा त्याला अभिमान होता, नेमकी तीच मी विचारली होती.

"वखारीतनं आनली, मिस्त्री," तो म्हणाला. "ट्रॅक्टर भरून. लई चांगली, सुकी. निवडून घेतली म्या. कायबी कमी पडू दिलं नाय."

मी म्हणालो, "चांगलं केलंत."

त्यानं मला पानावर बसवलं आणि स्वतः वाढायला आला. आग्रह करून वाढत होता आणि मी नको म्हणत नव्हतो. मशीन बाहेर रिक्षात पोत्याखाली होतं. टाकी भरलेली, साखळीला ताजी धार. ते मी त्यांना दाखवलं नाही.